घरांतील प्रवाळ-टाकें व त्याचा प्रकाश

शेतीच्या मासिकांत समुद्रांतील प्रवाळांवर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल हें मी जाणून आहें. मी स्वतः देशावरचा माणूस. घरची कोरडवाहू जमीन पाहात पाहात तहसील कचेरींत ३४ वर्षें कारकुनी केली आणि २०२३ सालीं सेवानिवृत्त झालों. समुद्र पाहिला तो सबंध आयुष्यांत दोनदां. एकदां गणपतीपुळ्यास व एकदां मालवणास. प्रवाळ म्हणजे अंगठींतील तांबडें पोंवळें, यापलीकडे मला कांहीं ठाऊक नव्हतें.

२०२४ सालच्या एप्रिलांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां अमेरिकेंत न्यू जर्सी येथें त्यांच्या बिऱ्हाडीं सहा महिने राहून आलों. सूनबाईंनीं तेथें दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याचें कांचेचें टाकें ठेविलें आहे आणि त्यांत जिवंत प्रवाळ वाढविले आहेत. आम्ही गेलों त्याच सुमारास त्या टाक्याचे जुने दिवे काढून नवे बसवावयाचे होते, व त्या कामांत मी हाताखालीं होतों. तेव्हां मला असें दिसून आलें कीं, हा छंद शोभेचा दिसला तरी त्याचें मर्म शेतीचेंच आहे. पिकास पाण्याची पाळी द्यावी तशी तेथें प्रकाशाची पाळी द्यावी लागते, आणि ती मोजून न दिल्यास पीक बुडतें. माझ्या हातून तें एकदां बुडालें. ती हकीकत पुढें यथाक्रम येईल.

आरंभींच एक इशारा देणें जरूर आहे. आपल्या देशांत १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं खडक बांधणारे सर्व प्रवाळ घालण्यांत आले. सबब आपल्या समुद्रांतील प्रवाळ काढणें, बाळगणें अथवा विकणें हा गुन्हा आहे. शोभेकरितां ठेविलेलें मेलेलें प्रवाळहि यांतून सुटत नाहीं. कोणी दुकानदार "चालतें हो" म्हणून देऊं लागल्यास घेऊं नये. मालवणच्या किनाऱ्यास सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं प्रवाळ आहेत व तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथें ते डोळ्यांनीं पाहावे व तेथेंच राहूं द्यावे. अमेरिकेंत टाक्यांतच वाढविलेल्या प्रवाळांचीं कलमें राजरोस विकतात. ज्या वाचकांचीं मुलें-सुना परदेशीं हा छंद करतात, त्यांस या लेखाचा प्रत्यक्ष उपयोग होईल. इतरांस दिव्याखालीं रोपें वाढवितांना हेच नियम उपयोगीं पडतील.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ हें झाड नव्हे व दगडहि नव्हे; तो प्राणी आहे. बोटाच्या पेराहून लहान अशा फुलासारख्या हजारों जीवांची ती एक वसाहत असते. प्रत्येक जीवास एक तोंड व भोंवतीं नाजूक भुजा असतात, आणि तो आपल्या बुडाखालीं पाण्यांतील चुन्याचा दगड बांधीत जातो. परंतु या प्राण्याचें पोट मुख्यत्वेंकरून तोंडावर चालत नाहीं. त्याच्या मांसांत अतिसूक्ष्म शेवाळ राहतें. तें प्रकाशापासून साखर तयार करतें व तिचा मोठा वांटा आपल्या धन्यास देतें. अनुकूल स्थितींत प्रवाळाच्या गरजेचा शेंकडा ९० पर्यंत भाग या साखरेनें भागतो. उलट प्रवाळाच्या शरीरांतून निघणारा मळ हा त्या शेवाळाचें खत होतो. म्हणजे प्रवाळ हा शेतकरी, शेवाळ हें त्याचें पीक, आणि त्याचें स्वतःचें अंग हेंच त्याचें शेत. शेतास ऊन न मिळालें तर शेतकरी उपाशी राहतो, यांत नवल तें काय?

परंतु ऊन फार झाल्यासहि तेंच संकट. शेवाळास पचेल त्याहून अधिक प्रकाश पडला, विशेषतः पाणी तापलेलें असलें, म्हणजे शेवाळाच्या अंगांत प्राणवायूचीं जहाल विषारी रूपें उत्पन्न होतात. मग प्रवाळ त्या शेवाळास बाहेर टाकतो. शेवाळ गेलें कीं रंग जातो, व पारदर्शक मांसांतून पांढराशुभ्र चुना दिसूं लागतो. यास प्रवाळ पांढरा पडणें म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ त्याच क्षणीं मरत नाहीं, पण तो उपाशी असतो. शेवाळ कांहीं आठवड्यांत परत वसलें तर वांचतो, नाहींपेक्षां जातो. लक्षद्वीपांत १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या सालीं समुद्राचें पाणी तापून प्रवाळ असेच पांढरे पडले. घरच्या टाक्यांत तीच आपत्ति एका चुकीच्या दिव्यानें ओढवते.

प्रकाश कोणता?

पाण्यांत उतरतांना सूर्यप्रकाशाचे सर्व रंग सारखे उतरत नाहींत. तांबडा रंग पहिल्या थोड्या मीटरांतच बहुतेक शोषला जातो, आणि निळा सर्वांत खोल जातो. प्रवाळांतील शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या त्या निळ्या उजेडांत राहिलेलें असल्यामुळें त्यास निळा व जांभळा प्रकाश फार मानवतो. म्हणून प्रवाळाच्या दिव्यांत निळ्याचें प्रमाण मोठें ठेवतात, पांढरा बेताचा ठेवतात, आणि तांबडा व हिरवा चवीपुरता. निळ्या प्रकाशांत कित्येक प्रवाळ स्वतः हिरवे, नारिंगी व केशरी चमकूं लागतात, ही शोभा वेगळीच.

येथेंच नवशिका फसतो. मनुष्याचा डोळा हिरव्या-पिंवळ्या रंगास सर्वांत अधिक ओळखतो व निळ्यास फार कमी. त्यामुळें निळा दिवा अंधुक भासतो, जरी त्यांतून शेवाळास भरपूर अन्न मिळत असलें तरी. बाजारांत मिळणारें लक्समापक यंत्रहि मनुष्याच्या डोळ्याच्या नमुन्यावरच केलेलें असल्यानें तेंहि फसतें. प्रवाळपालक त्याऐवजीं "पार" हें माप वापरतात. एका सेकंदांत एक चौरस मीटरवर वनस्पतीच्या उपयोगाचे किती प्रकाशकण पडले, याची ती गणती होय. त्यांत ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचे सर्व रंग सारख्याच हक्कानें मोजले जातात. आपल्याकडील निरभ्र दुपारच्या उन्हाचा पार सुमारें २००० भरतो. टाक्यांतील प्रवाळांस त्या मानानें थोडकाच लागतो. सर्वसाधारण ठोकताळा असा:

मऊ अंगाचे व छत्रीसारखे प्रवाळ: ५० ते १००.
मोठ्या तोंडाचे, लांब भुजांचे प्रवाळ (उदाहरणार्थ यूफिलिया): ८० ते १५०.
बारीक तोंडाचे, फांद्यांचे प्रवाळ (उदाहरणार्थ अ‍ॅक्रोपोरा): २०० ते ३५०.

सर्वांस एकच प्रकाश देणें म्हणजे उंसास व हरभऱ्यास एकाच पाटाचें पाणी देणें होय.

दिव्याची निवड

प्रवाळांकरितां आजवर तीन जातींचे दिवे वापरण्यांत आले. पहिला मेटल हॅलाइड. याचा प्रकाश प्रखर, सूर्यासारखा पाण्यांत लहरी उमटविणारा व प्रवाळास मानवणारा. परंतु वीज फार खातो व पाणी तापवितो. दुसरा टी-५ जातीचा नळीचा दिवा. याचा प्रकाश सर्व टाक्यावर सारखा पसरतो, सांवल्या पडत नाहींत. पण नळ्यांचा रंग व जोर हळूहळू उतरत असल्यामुळें साधारण वर्षाच्या आंत त्या बदलाव्या लागतात. तिसरा एल. ई. डी. निळ्या एल. ई. डी. च्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधावांचून आजचा प्रवाळाचा दिवा झालाच नसता. यांत प्रत्येक रंगाची मात्रा निरनिराळी कमी-अधिक करतां येते, उदय व अस्त ठरवितां येतो, आणि उष्णता वरच्या बाजूस पंख्यानें काढून टाकतां येते.

सूनबाईंचें टाकें ४ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट खोल, म्हणजे सुमारें ४५० लिटरांचें आहे. त्यावर त्यांनीं प्रत्येकीं १३० वॅटचे दोन एल. ई. डी. दिवे घेतले. ते पुऱ्या जोरानें कधींच चालत नाहींत. सरासरी शेंकडा ६० जोर व रोज ९ तास धरले, तर दिवसास १.४ युनिट, म्हणजे महिन्यास ४२ युनिट वीज होते. याच टाक्यावर २५० वॅटचे दोन मेटल हॅलाइड लाविले असते, तर तितक्याच तासांस महिन्यास १३५ युनिट लागले असते. शिवाय तापलेलें पाणी थंड करण्याचा खर्च निराळा. दिवा महाग कीं स्वस्त हें पेटीवरील किंमतीवरून न ठरवितां पांच वर्षांचा एकंदर खर्च मांडून ठरवावें.

खरेदी करतांना पुढील गोष्टी विचाराव्या. एक दिवा किती चौरस फूट जागा व्यापतो? पाण्याच्या निरनिराळ्या खोलीवर त्याचा पार किती, याचा तक्ता मिळतो कीं नाहीं? केवळ वॅटचा आंकडा सांगणारा दिवा घेऊं नये. वॅट म्हणजे खाल्लेली वीज, दिलेला प्रकाश नव्हे. पंखा अगर आंतील वीजपुरवठा बिघडल्यास सुटा भाग मिळेल काय? "५० हजार तास टिकतो" असें पुष्कळ पेट्यांवर छापलेलें असतें. पण खाऱ्या हवेंत दिव्याच्या आधीं पंखाच जातो. आणि लहान तीव्र दिव्यापेक्षां पसरट दिवा अथवा एकाऐवजीं दोन दिवे बरे, कारण एकाच ठिकाणाहून येणाऱ्या प्रकाशाच्या सांवलींत प्रवाळाच्या खालच्या फांद्या मरतात.

दिवा बसविणें

दिवा दोन रीतींनीं बसवितात: टाक्याच्या कांचेस शिकंजा लावून, अथवा छतास टांगून. तेथील घरें लांकडी. छताच्या तक्तपोशीमागें साधारण १६ इंचांवर तुळ्या असतात. स्क्रू त्या तुळईंत गेला पाहिजे. नुसत्या तक्तपोशींत बसविलेला स्क्रू आज ना उद्यां दिव्यासकट पाण्यांत येईल. चिरंजीवांनीं तुळई हुडकून चार आंकडे मारले व तारेनें दिवे टांगले. तार असल्यानें उंची कमी-जास्त करतां येते. दिवा वर उचलला कीं प्रकाश पसरतो व जोर उतरतो. खालीं आणला कीं मध्यें जोर वाढतो आणि कोपरे अंधारांत राहतात. आम्ही पाण्यापासून १० इंचांवर ठेवून मग मापाप्रमाणें फरक केला.

विजेची काळजी सर्वांत महत्त्वाची. खारें पाणी हें विजेस उत्तम वाट देतें. प्रत्येक वायर भिंतींतील प्लगकडे सरळ नेऊं नये. तिला प्लगच्या पातळीखालीं एक लोंबता वळसा द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब वळशाच्या तळाशीं गळून जमिनीवर पडतो, प्लगांत जात नाहीं. वीज गळूं लागतांच प्रवाह तोडणारें साधन अवश्य लावावें. अमेरिकेंतील तें साधन सुमारें ५ मिलिअँपियर गळतीस प्रवाह तोडतें. आपल्या घरीं मुख्य फळीवर असतें तें बहुधा ३० मिलिअँपियरचें असतें. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं दिवा बंद करावा, ही संवय घरांतील सर्वांस लावावी. टाक्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांनीं दिव्याच्या कांचेवर मिठाचा पापुद्रा धरतो; त्यानें प्रकाशहि घटतो व धातूहि गंजतो. आठवड्यांतून एकदां दिवा बंद व थंड करून गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्यानें पुसावा. टाकें खिडकीशीं ठेवूं नये. बाहेरचें ऊन आपल्या हिशेबांत बसत नाहीं, आणि कांचेवर नको तें शेवाळ माजतें.

माझी चूक

नवे दिवे मे महिन्यांत लागले. सूनबाईंनीं ते शेंकडा ३५ जोरावर ठेवले होते. जुन्या नळ्यांचा उजेड पांढरा व झगझगीत होता, नवा निळसर. मला तो अंधुक वाटे. जून महिन्यांत चिरंजीव व सूनबाई पांच दिवसांकरितां परगांवीं गेलीं. मला कामें नेमून दिलीं होतीं: माशांस सकाळीं चिमूटभर अन्न घालणें, आणि उडून गेलेल्या पाण्याइतकें गोडें पाणी भरणें. मीठ उडत नाहीं, पाणीच उडतें, म्हणून भर गोड्या पाण्याची; हें मला पटलें होतें. दिव्याविषयीं मला कोणी कांहीं सांगितलें नव्हतें, कारण मी त्यास हात लावीन असें कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

पहिल्या दिवशीं सकाळीं टाक्यासमोर बसलों असतां माझ्या मनानें घेतलें कीं, पिकास ऊन कमी पडतें आहे. दिवे ज्या पाटीवरून चालतात ती तेथेंच टेबलावर होती. शेंकडा ३५ चे मीं ८५ केले. टाकें उजळलें, मासे चमकूं लागले, आणि मला समाधान वाटलें. दुसऱ्या दिवशीं लांब भुजांच्या प्रवाळानें भुजा आंत ओढून घेतल्या. मला वाटलें, त्यास आणखी वेळ हवा. तिसऱ्या दिवशीं फांद्यांच्या प्रवाळावर बुळबुळीत चिकटा दिसला व शेंडे फिकट झाले. चौथ्या दिवशीं मात्र माझ्या पोटांत गोळा आला. पण फोन करून काय सांगावें हें सुचेना, आणि जोर कमी करावा हेंहि सुचलें नाहीं. पांचव्या दिवशीं तीं दोघें परत आलीं, तेव्हां नारळाएवढें अ‍ॅक्रोपोराचें झाड खडूसारखें पांढरें उभें होतें.

तें झाड सूनबाईंनीं लग्नानंतर पहिल्या वर्षीं अंगठ्याएवढ्या कलमापासून वाढविलेलें होतें. परदेशांत नवें बिऱ्हाड थाटल्यावर आणलेली ती पहिली जिवंत वस्तु. प्रवासाचें सामान हातांत तसेंच ठेवून त्या टाक्यापुढें उभ्या राहिल्या. मग दिव्याचा जोर खालीं आणला व विचारलें, "बाबा, दिवा वाढवला होता का?" मीं होय म्हटलें. त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, "तुम्हांला तो अंधुक दिसणार, हें मीच आधीं सांगायला हवं होतं." त्या रागावल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

झाड वांचलें नाहीं. यूफिलियाचा अर्धा भाग वांचला. तळच्या कोपऱ्यांतील मऊ प्रवाळांस कांहींएक झालें नाहीं.

मोजणी

महसूल खात्यांत काम केलेल्यांस ठाऊक आहे कीं, पिकाची पैसेवारी आधीं नजरअंदाजानें काढतात; पण अखेरचा निकाल पीक कापणीच्या प्रयोगांतील वजनावर अवलंबून असतो. शिवारांतून गाडी नेतांना हिरवेंगार दिसणारें रान कापणीच्या प्लॉटांत किती उतरतें, हें मीं कित्येकदां पाहिलें होतें. जी गोष्ट मीं ३४ वर्षें दुसऱ्यांस समजावली, तीच येथें विसरलों. नजरअंदाजानें मीं ऊन ठरविलें.

तेथें प्रवाळपालकांचे संघ असतात व पारमापक यंत्र ते आपल्या सभासदांस आळीपाळीनें वापरावयास देतात. यंत्र महाग व लागतें वर्षांतून एक-दोनदां, म्हणून ही सोय शहाणपणाची. आपल्या शेतकी संघांनीं फवारणी-यंत्रें ठेवावीं तसेंच तें. जुलैंत तें यंत्र घरीं आलें, तेव्हां मोजणीचें काम मीं मागून घेतलें.

टाक्याच्या तळाचे मीं एक-एक फुटाचे ८ चौरस पाडले व प्रत्येकाची वरची, मधली व तळची अशा तीन पातळ्या धरल्या. एकंदर २४ जागा. यंत्राचा डोळा प्रत्येक जागीं आडवा समतल धरला, पाण्याच्या लहरीनें आंकडा हलतो म्हणून थोडा वेळ थांबून मधला आंकडा घेतला, व वहींत उतरविला. दिवा मोजणीपुरता शेंकडा ३५ वर नेला होता. अ‍ॅक्रोपोराच्या जागीं पार २५० निघाला. संघाच्या जुन्या नोंदींत, नळ्यांचे दिवे असतांना त्याच जागेचा पार २२० लिहिलेला होता. म्हणजे ज्या उजेडास मीं अंधुक म्हटलें, तो जुन्या झगझगीत उजेडाहून थोडा अधिकच होता. त्याच प्रमाणानें शेंकडा ८५ वर तेथें ६०० च्या वर पार पडला असला पाहिजे. एका रात्रींत मीं त्या झाडाचें ऊन अडीचपट केलें होतें. तळाच्या कोपऱ्यांत शेंकडा ३५ वर पार ५५ होता. तो अडीचपट होऊनहि १३५ च्या आंतच राहिला, म्हणून तेथील प्रवाळ वांचले. हिशेब मांडल्यावर दैवाकडे बोट दाखवावयास जागा राहिली नाहीं.

वहींतील त्या तक्त्यास सूनबाई हंसून "प्रवाळांचा सातबारा" म्हणूं लागल्या. त्यावरून आम्ही लागवड फिरविली: वरच्या मधल्या जागा बागायत समजून फांद्यांच्या जातींस, मधली पातळी लांब भुजांच्या जातींस, आणि तळचे कोपरे वरकस समजून मऊ जातींस. दिव्याची उंची दोन इंच वाढविली, म्हणजे मध्याचा जोर थोडा उतरून कोपऱ्यांत पसरला. नंतर सर्व जागा पुन्हां मोजल्या. कारण दिवा हलविला कीं जुना सातबारा रद्द होतो.

प्रकाशाची संवय

केळीचीं ऊतिसंवर्धित रोपें प्रयोगशाळेंतून थेट रानांत लावीत नाहींत. आधीं हरितगृह, मग शेडनेट, आणि मग ऊन. प्रवाळाचाहि तोच क्रम. नवा दिवा लाविल्यावर अथवा नवें कलम आणल्यावर ठरलेल्या प्रकाशाच्या निम्म्यापासून आरंभ करावा व दर आठवड्यास थोडा थोडा वाढवीत सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण मात्रेस यावें. कलम आरंभीं तळाशीं ठेवून क्रमानें वर सरकविलें तरी तोच हेतु साधतो. मात्र दोन्ही फरक एकाच आठवड्यांत करूं नयेत.

दिवसाचा काळ ९ ते १० तास पुरे. सूनबाईंचा दिवा सकाळीं १० वाजतां मंद उजळतो, १२ ते ५ पूर्ण असतो व ८ वाजतां विझतो. रात्रीं पूर्ण अंधार पाहिजे. प्रवाळासहि विश्रांति लागते. आपल्याकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागेंत अवेळीं फुलें आणण्याकरितां रात्रीं दिवे लावतात. त्या झाडास दिवस मोठा झाल्याचें भासवावयाचें असतें. प्रवाळाच्या बाबतींत तशी घाई हिताची नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रकाश वाढला म्हणजे प्रवाळ चुना वेगानें बांधतो, व पाण्यांतील कॅल्शियम आणि क्षारता वेगानें उतरते. पाणी दिलें पण खत दिलें नाहीं, तर पीक जसें पिंवळें पडतें, तसें येथेंहि होतें. म्हणून दिव्याचा जोर वाढविलेल्या आठवड्यांत पाण्याची तपासणी दोनदां करावी. पाण्याचें उष्णमान २५ ते २६ अंशांवर राहील अशी तजवीज असावी. पाणी गरम असतां प्रकाशाची चूक दुपटीनें भोंवते.

प्रवाळानें भुजा आंत घेतल्या, चिकटा सोडला, अथवा शेंडे फिकट झाले, तर प्रथम प्रकाश कमी करावा आणि मग विचार करावा. उलट, तो तपकिरी पडत चालला अथवा मान लांब करून दिव्याकडे ताणूं लागला, तर त्यास प्रकाश अपुरा आहे असें समजावें. कमी प्रकाशाची चूक सुधारावयास महिने मिळतात. अधिक प्रकाशाची चूक सुधारावयास दिवसहि मिळत नाहींत. सबब शंका असतां कमी द्यावें.

सारांश

१. दिवा घेण्यापूर्वीं कोणते प्रवाळ वाढवावयाचे तें ठरवावें. मग त्यांस लागणारा पार पाहून दिवा घ्यावा.
२. वॅटवर अगर डोळ्यांवर विसंबूं नये; यंत्र उसनें आणून मोजावें व लिहून ठेवावें.
३. दिव्याचे आंकडे तुळईंतच बसवावे, वायरीस वळसा द्यावा, गळती-तोडक साधन लावावें.
४. निम्म्यापासून आरंभ करून दीड-दोन महिन्यांत पूर्ण प्रकाशास यावें.
५. घरांत कोणी पाहुणें माणूस राखणीस ठेविल्यास, काय करावें याबरोबर कशास हात लावूं नये हेंहि कागदावर लिहून द्यावें.

आमच्या परतण्यापूर्वीं, सप्टेंबरांत, एक अमेरिकन गृहस्थ घरीं आले. त्यांच्या हातांत पाण्यानें भरलेली पिशवी व तींत करंगळीएवढी एक फांदी होती. तीन वर्षांपूर्वीं सूनबाईंनीं आपल्या त्या झाडाचें कलम त्यांस दिलें होतें. त्याच वाणाचें हें बेणें. आपला ऊंस जळाला तरी शेजाऱ्याच्या मळ्यांत बेणें असलें कीं वाण बुडत नाहीं, हा आपल्या वाडवडिलांचा अनुभव त्या दूर देशींहि खरा ठरला. सूनबाईंनीं तें कलम माझ्या हातीं दिलें व म्हणाल्या, "बाबा, जागा तुम्ही सांगा." मीं वही काढली, तळाशीं पार ९० असलेला चौरस दाखविला, व तेथें तें बसविण्यांत आलें. तेथून तें कोणत्या आठवड्यांत कोणत्या चौरसांत न्यावयाचें, त्याचा तक्ता करून मीं टाक्याच्या कपाटास आंतून चिकटविला. त्या तक्त्याप्रमाणें त्यास वर चढवीत गेले; पुढील वर्षीं तें लिंबाएवढें झाल्याचें छायाचित्र आलें. खालीं सूनबाईंनीं पाराचा आंकडा न विसरतां लिहिला होता.

घरीं आल्यावर मिरचीचीं रोपें शेडनेटमधून काढतांना मीं यंदां घाई केली नाहीं. रोज तासाभरानें ऊन वाढवीत गेलों. कोणी हंसलें तर हंसो. ऊन हें सुद्धां मोजून द्यावयाचें अन्न आहे, हें ज्यास एकदां किंमत देऊन कळलें, तो पुन्हां नजरअंदाजावर जात नाहीं. कळावें.